पोंझाच्या वाटेवर वच्छलाबाई

प्रतिक्षाच्या पायाला प्लास्टर बसलं तेव्हा होडी सुटायला पुरता एक दिवसही उरला नव्हता.

नेपल्समधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, लेकीकडे येऊन वच्छलाबाई रामटेकेला आठच दिवस झाले होते. त्या सकाळी प्रतिक्षा बाजारातून भलंमोठं टरबूज घेऊन आली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचा पाय वाकडा पडला, टरबूज गडगडत खालपर्यंत गेलं आणि लेक तिथंच मटकन बसली. वच्छलाबाई धावत आली. चौतीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केलेल्या बाईला घोट्याकडे एकदा पाहणं पुरे होतं. तिनं एका जाड मासिकाची गुंडाळी करून घोट्याभोवती बसवली आणि स्वतःच्या ओढणीनं ती घट्ट बांधून टाकली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं ती बांधणी सोडताना दोनदा मान डोलवली आणि प्रतिक्षाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणून राहिला?" वच्छलाबाईनं विचारलं.

"हे कोणत्या दवाखान्यात बांधलं म्हणून राहिला," प्रतिक्षा दुखण्यातही हसली.

घरी आल्यावर मात्र हसू ओसरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी शिडाच्या होडीनं निघणार होत्या. सात दिवस, चार-पाच माणसं, एक लहानशी होडी आणि इटलीच्या किनाऱ्यावरची बेटं. प्रतिक्षा इथल्या विद्यापीठात ज्वालामुखींचा अभ्यास करायची. पहिली पक्की नोकरी लागल्यावर आईला काय द्यायचं, हे तिनं दोन वर्षांपासून ठरवून ठेवलं होतं.

"रद्द करून टाक," वच्छलाबाई म्हणाली. "समुद्र काई पळून नाई जाऊन राहिला."

"आई, तू जा."

"एकटी?"

"एकटी काहून? बाकीचे लोकं हायेत ना. अन् होडी चालवणारी बाईच हाये."

"मले त्याहिची भाषा येत नाई, प्रतिक्षा."

"तुले गोंडी येत होती का? तरी तू अर्जुनीकडच्या जंगलात बाळंतपणं केलीच ना?"

लेक नेमकं वर्मावर बोट ठेवून बोलत होती.

"मले एक सांग," प्रतिक्षा पुढं म्हणाली, "नोकरीत तू सुट्टी कवा कवा घेतली होती?"

वच्छलाबाईनं आठवून पाहिलं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा. नवऱ्याला टायफॉइड झाला तेव्हा. धाकट्या बहिणीच्या, गुड्डीच्या, दोन्ही बाळंतपणांत. भावाच्या लग्नात चार दिवस, तेही पाहुण्यांच्या पंगती वाढण्यात. नुसतं बसून काही पाहावं म्हणून घेतलेली सुट्टी काही केल्या आठवेना.

"जातो मंग," ती म्हणाली. आपल्या भंडाऱ्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात.

वच्छला मूळची लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीची. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबायचे, आई धानाच्या रोवणीला जायची. घरच्या दोन म्हशी तळ्यावर नेणं वच्छलाकडे होतं. म्हैस पाण्यात उतरली की पोरगी तिचं शेपूट धरून मागं तरंगायची. एके दिवशी शेपूट हातातून सुटलं आणि ती बुडालीच नाही. पोहणं शिकवायला तिला कोणी लागलं नाही.

आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. पोरगी शिकलीच पाहिजे, हे घरात ठरलेलं. दहावी झाली, भंडाऱ्याला नर्सबाईचं शिक्षण झालं आणि शहाऐंशी साली नोकरी लागली ती पार अर्जुनीकडे, जंगलपट्टीत. तेव्हा जिल्हा एकच होता. पुढं गोंदिया वेगळा झाला, कर्मचाऱ्यांची वाटणी झाली, आणि कोणाला कुठं राहायचं असं विचारलं गेलं. वच्छलाबाईचे यजमान तेजराम जवाहरनगरच्या कारखान्यात होते, तिनं भंडारा लिहून दिला. नवीन उपकेंद्र चुलबंद नदीच्या काठी होतं आणि त्यातली तीन गावं पलीकडच्या तीरावर. पावसाळ्यात रस्ता बंद. मग बाबुलाल ढिवराचा डोंगा. अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली ती अरुंद नाव. एक माणूस खोकलला तरी हलायची. मांडीवर लशीचा डबा, डोक्यावर छत्री आणि पायाशी अजून शाळेत न घातलेली लहानगी प्रतिक्षा, अशी ती कितीतरी वेळा पलीकडे गेली. पूल झाला आणि डोंगा काठावर पालथा पडला. वच्छलाबाईला स्कूटी मिळाली. लसीकरण लवकर उरकायला लागलं, पण नदीवाचून तिला चुकल्यासारखं वाटायचं.

तेजरामना इटलीला यायला पोरीनं किती विनवलं! "मी जमिनीवरचा माणूस," ते म्हणाले. "बादलीतलं पाणी मले पुरते. तुमी जा मायलेकी."

तर अशी ती एकसष्ट वर्षांची बाई जून महिन्यातल्या एका सकाळी नेपल्सच्या बंदरावर उभी राहिली. अंगात निळा सलवार-कमीज, पायात लेकीनं आणलेले पांढरे बूट, चष्म्याला दोरी आणि पिशवीत घरचं तिखट. प्रतिक्षा कुबड्या घेऊन टॅक्सीनं सोबत आली होती.

होडी चालवणारी दोनाता चाळिशीची, उन्हानं रापलेली, अनवाणी बाई होती. तिनं वच्छलाबाईकडे पाहिलं, पांढऱ्या अंबाड्याकडे पाहिलं आणि प्रतिक्षाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू लागली.

"माह्या वयाचं विचारून राहिली ना?" वच्छलाबाई म्हणाली.

"नाई वो. तुले पोहता येते का, अन् एकटी राहशील का, असं विचारून राहिली. मी सांगितलं तिले, काळजी करू नको म्हणून."

दोनाताचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिनं स्वतः येऊन वच्छलाबाईच्या अंगावर केशरी रंगाचं तरंगतं जाकीट चढवलं आणि त्याचे पट्टे इतके आवळले की श्वास घेणं मुश्किल झालं.

होडीवर आणखी तिघं होती. रेनाटे आणि डीटर हे जर्मनीहून आलेलं नवरा-बायको, दोघंही साठीच्या पुढचे. तिसरे पावलो, उत्तर इटलीतले निवृत्त शाळामास्तर, उंच, किडकिडीत आणि भुवया पांढऱ्याशुभ्र. सगळ्यांनी हात मिळवले. वच्छलाबाईनं हात जोडून "जयभीम" म्हटलं, आणि पावलोंनी लगेच तसेच हात जोडून "जयबीम" म्हटलं. त्यानंतर सात दिवस होडीवर सकाळचा नमस्कार तोच झाला.

पहिला दिवस मात्र वाईट गेला. बंदर सुटलं, शीड वर चढलं, होडी एका अंगावर कलली आणि वच्छलाबाईच्या पोटात कालवाकालव सुरू झाली. ती खालच्या खोलीत जाऊन आडवी पडली आणि तिथं तर जास्तच बिघडलं. बादलीत तोंड घालून तिला वाटलं, झालं हे फार झालं, येणारं पहिलं बेट आलं की उतरून लेकीकडे जावं. तेवढ्यात दोनाता खाली आली, तिला दंडाला धरून वर घेऊन गेली, मागच्या बाजूला बसवलं आणि समुद्र जिथं आभाळाला टेकतो त्या रेघेकडे बोट दाखवलं. तिथंच पाहा. पावलोंनी कोरड्या पावाचा तुकडा हातात दिला.

वच्छलाबाईला तशातही हसू आलं. पोटुशा बायांना सकाळी उठल्या उठल्या कोरडं काहीतरी खा म्हणून तिनं शेकडो वेळा सांगितलं असेल. त्या बाया नाक मुरडायच्या. आता तो पाव तिनं एकेक कण करून चावला आणि त्या रेघेवरची नजर हलू दिली नाही. तासाभरानं पोट जागेवर आलं. दुपारी प्रोचिदा बेटाचं बंदर दिसलं, गुलाबी, पिवळी, आकाशी घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. "माय वो!" ती मोठ्यानं म्हणाली. त्यासाठी भाषांतराची गरज पडली नाही.

भाषांतराचं मात्र वेगळंच प्रकरण होतं. प्रतिक्षानं फोनमध्ये बोललेलं इटालियनमध्ये सांगणारी सोय करून दिली होती. वच्छलाबाई फोनला तोंडाशी धरून म्हणाली, "मले भूक लागून राहिली." फोननं विचार केला आणि इटालियनमध्ये असं काही म्हटलं की पावलो चक्रावून तिच्याकडे पाहत राहिले. तिनं तीनदा सांगून पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं, ह्या यंत्राला आपली बोली येत नाही. तिनं घसा साफ केला आणि जिल्हा परिषदेच्या सभेत अहवाल वाचावा तशी म्हणाली, "मला भूक लागलेली आहे." पावलो लगेच उठले आणि चीजचं ताट घेऊन आले. तेव्हापासून ती फोनशी पुस्तकातली मराठी आणि माणसांशी आपली बोलू लागली. माणसांना ती जास्त समजायची.

दुसऱ्या दिवशी इस्किया बेटाच्या आडोशाला दोनातानं नांगर टाकला. पाणी इतकं नितळ की खालची वाळू मोजावी. रेनाटे आणि डीटर पाण्यात उतरले, पावलोही. दोनातानं वच्छलाबाईला शिडीच्या खालच्या पायरीवर बसवलं, हातात एक गोल तरंगतं कडं दिलं आणि पाय बुडवून बस अशी खूण केली. लहान पोरीला सांगावं तशी.

वच्छलाबाई थोडा वेळ बसली. पायाला गार पाणी लागत होतं. तिनं कडं बाजूला ठेवलं, चष्मा काढून बुटात ठेवला, जाकिटाचे पट्टे एकेक करून सोडले. शिडी चढून वर गेली. दोनाता स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती, तिला कळायच्या आत सलवार-कमीजसकट धाडकन पाण्यात उडी पडली होती.

दोनाता सुरी हातात घेऊनच धावत वर आली. पाण्यात वच्छलाबाईचं डोकं वर आलं. तिनं तोंडातलं पाणी थुंकलं. "खारट हाये!" ती ओरडली, आणि हात मारत होडीला वळसा घालून निघाली. त्या पाण्याची एक गंमत तिला पहिल्याच मिनिटात कळली. तळ्यात हातपाय हलवावे लागतात, इथलं पाणी आपणच माणसाला वर उचलतं. ती उताणी झाली, हात पसरले आणि नुसती पडून राहिली. कान पाण्याखाली होते, आभाळ डोळ्यांसमोर होतं आणि कोणाला काही द्यायचं नव्हतं, कोणाचं काही घ्यायचं नव्हतं. चाळीस वर्षांनी ती पोहत होती. बाहेर आली तेव्हा अंबाडा सुटून केस पाठीवर आलेले, ओढणी कुठंतरी वाहून गेलेली आणि चेहरा नुसता फुललेला. दोनातानं तिला टॉवेल दिला. जाकीट पुन्हा घातलं, पण पट्टे या वेळी वच्छलाबाईनं स्वतः लावले.

तिसऱ्या दिवशी व्हेंतोतेने नावाच्या इवल्याशा बेटावर मुक्काम पडला. संध्याकाळी पावलोंनी स्वयंपाक हाती घेतला. अर्धा तास ते भात ढवळत राहिले, त्यात लोणी घातलं, चीज घातलं आणि मोठ्या मानानं पहिली ताटली वच्छलाबाईपुढं ठेवली. तिनं घास घेतला. दाताखाली कणी आली. दुसरा घास घेतला, पुन्हा कणी. भंडाऱ्याच्या बाईला दुसरं काहीही चालेल, कच्चा भात कसा चालेल? तिनं फोन उचलला.

"भात शिजलेला नाही. कणी राहिलेली आहे."

फोननं ते सांगितलं आणि पावलोंच्या पांढऱ्या भुवया पार वर गेल्या. भात असाच असतो, ते म्हणाले. मला भातातलं सांगू नका, मी वेर्चेल्लीचा आहे, आमच्याकडे नजर पोचेल तिथपर्यंत भाताची शेती आहे. मग जरा थांबून ते फोनजवळ वाकून बोलले, आणि फोनमधली बाई कोरड्या आवाजात मराठीत म्हणाली, "माझी आई पाण्यात उभी राहून भात लावत असे."

वच्छलाबाईनं चमचा खाली ठेवला.

"तुमची आई? रोवणी करे?"

पावलो उठले. त्या अरुंद होडीवर, दोन बाकांच्या मध्ये, तो उंच म्हातारा कमरेत वाकला. डाव्या हातात रोपांची जुडी धरल्यासारखं केलं, उजव्या हातानं एकेक रोप चिखलात खोचत मागं मागं सरकू लागला. आई दरवर्षी चाळीस दिवस घर सोडून जायची, ते सांगत होते. पन्नास-पन्नास बाया एका ओळीत. डोक्यावर मोठी टोपी, गुडघाभर पाणी, आणि सगळ्या मिळून गायच्या.

वच्छलाबाई त्यांच्या शेजारी जाऊन वाकली. त्यांची बोटं चुकत होती. तिनं अंगठा आणि दोन बोटं कशी लागतात ते दाखवलं. दोघं मागं सरकत सरकत डीटरच्या पायावर जाऊन आपटले. रेनाटे हसून हसून बेजार झाली. पण वच्छलाबाई जेव्हा सरळ झाली तेव्हा तिचे डोळे ओले होते. तिची आईही अशीच, दिवसभर वाकून, रात्री पाठ शेकायला गरम वीट मागणारी. इतक्या दूर, ह्या गोऱ्या मास्तरच्या घरीही एक आई वीट मागत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिनं आईचं रोवणीचं गाणं दोन ओळी म्हटलं. पावलोंनी त्यांच्या आईचं गुणगुणलं. चाली जुळल्या नाहीत, कोणाला जुळवायच्याही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उरलेला तांदूळ आपल्या रीतीनं, बोटानं दाबला की मऊ लागेल असा शिजवला. सोबत घरचं तिखट घालून टमाट्याचा रस्सा. डीटरला घाम फुटला, नाक लाल झालं, तरी त्यानं तीनदा वाढून घेतलं.

तो सगळा रस्सा त्याला तासाभरात परत करावा लागला. व्हेंतोतेनेहून पोंझा बेटाकडे निघाले तेव्हा वारा बरा होता, पण निम्म्या वाटेवर डाव्या अंगानं तो चढत गेला. पाणी काळपट झालं, लाटांना पांढरे तुरे आले आणि होडी टेकडीवर चढावी तशी चढून धपकन खाली येऊ लागली. डीटर कठड्याला लटकला, मग रेनाटे. वच्छलाबाई आभाळाची रेघ धरून बसली होती. पोट शांत होतं.

शीड लहान करायला हवं होतं. दोनातानं सुकाणू पावलोंकडे दिलं आणि दोर आवळायला गेली. होडीला एक हिसका बसला, दोर गुंडाळायच्या चक्राभोवती करकचून आवळला आणि त्यात तिची बोटं सापडली. ती ओरडली नाही. दोर सैल केला, शीड बांधलं, आणि मगच खाली बसून उजवा हात पोटाशी धरला. बोटांतून रक्त गळत होतं.

"दाखव," वच्छलाबाई म्हणाली. ती बाकांना धरत धरत, जवळजवळ रांगत तिच्यापाशी पोचली होती. "दाखव वो बाई, मले पाहू दे."

मधली दोन बोटं चेपली होती. एक बहुतेक मोडलं होतं. वच्छलाबाईनं औषधांचा डबा मागवला, हात गोड्या पाण्यानं धुतला, रक्त थांबेपर्यंत दाबून धरला. बोटाला आधार द्यायला काही नव्हतं म्हणून स्वयंपाकघरातल्या लाकडी चमच्याचा दांडा मोडला. होडी वर-खाली होत होती आणि पट्टी गुंडाळणारा हात जराही चळत नव्हता. दोनाता दात आवळून त्या हाताकडे पाहत होती.

पट्टी झाली. आता खरी अडचण उभी राहिली. दोनाताचा एक हात गेला. आपोआप सुकाणू धरणारं यंत्र होतं, पण ते अशा लाटांत टिकत नव्हतं. शिडाचे दोर ओढायला ताकद लागायची, ते काम पावलोच करू शकत होते. जर्मन जोडपं आडवं पडलेलं. दोनातानं सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी तिची नजर वच्छलाबाईवर येऊन थांबली.

"यू," ती म्हणाली.

"मी?"

"यू. कम."

सुकाणूचं चाक वच्छलाबाईच्या छातीएवढं होतं. पावलोंनी सोडलं आणि ते तिच्या हातात जिवंत जनावरासारखं उसळलं. तिनं घाबरून उजवीकडे ओढलं, होडी उजवीकडे गेली. डावीकडे ओढलं, डावीकडे. मागं पाण्यावर सापासारखी वाकडी रेघ उमटली. शीड फडफडलं. "पियानो, पियानो," दोनाता म्हणत होती, हळू, हळू. तिनं चांगला हात वच्छलाबाईच्या हातावर ठेवला. दूर पोंझाच्या डोंगराचा एक सुळका दिसत होता, तो तिनं दाखवला. होडीचं नाक त्याच्यावर ठेव. लाट आली की थोडं दे, गेली की थोडं परत घे.

थोडं द्यायचं, थोडं घ्यायचं. अडलेल्या बाईपाशी बसून हेच तर करायचं असतं. जोर लावला की बिघडतं, सोडून दिलं तरी बिघडतं. वच्छलाबाईनं पाय फाकवून रोवले. चाक घट्ट न धरता नुसतं सांभाळलं. दहा मिनिटांत तिला लाट येण्याआधी कळू लागली, आधी तळपायाला, मग गुडघ्याला. अर्ध्या तासानं दोनातानं हात काढून घेतला. वच्छलाबाईच्या ते बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

मग तिला गंमत वाटू लागली. तोंडावर खारट तुषार येत होते, चष्मा धुऊन निघत होता आणि एवढी मोठी होडी तिच्या दोन हातांवर पळत होती. एका मोठ्या लाटेवरून होडी घसरत खाली आली तेव्हा "हाऊ बाप्पा!" अशी तिची आरोळी निघाली. दोनाता दुखऱ्या हातानिशी खदाखदा हसली आणि तिनंही "आऊ बापा!" केलं. पुढच्या लाटेला पावलोही ओरडले. तिघांनी मिळून पोंझापर्यंत प्रत्येक मोठ्या लाटेला आरोळी दिली. डीटरनं मान उचलून, ह्या लोकांना वेड लागलं की काय, असं पाहिलं आणि पुन्हा मान टाकली.

दोन तास तिनं चाक सोडलं नाही. बंदराच्या तोंडाशी मदतीची लहान नाव आली, एक माणूस चढला आणि त्यानं सुकाणू मागितलं. द्यावं की नाही असं क्षणभर तिच्या मनात आलं.

बेटावरच्या डॉक्टरनं दोनाताचं बोट पाहिलं, चमच्याचा दांडा पाहिला आणि सांगितलं की आता करण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. पुढले दिवस मदतीला दोनाताचा एक सोबती मोठ्या जहाजानं पोंझाला येणार होता. होडीवर परतल्या परतल्या दोनातानं स्वतःची मळकी पांढरी टोपी काढून वच्छलाबाईच्या डोक्यावर ठेवली. "कापिताना," ती म्हणाली. कप्तानबाई.

तेवढ्यात तेजरामचा व्हिडिओ कॉल आला. ते जवाहरनगरजवळच्या ठाणा गावातल्या घरी अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"काय करून राहिली?"

"बसली हाये. नाव चालवून आली आत्ताच."

"कोणाची नाव?"

"आमची."

"अन् चालवणारी बाई?"

"तिचं बोट मोडलं. मंग मी चालवली, दोन घंटे."

तिकडे त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग तेजराम म्हणाले, "डोक्यावर ते काय हाये?"

"कप्तानाची टोपी हाये."

"बरी दिसते," तेजराम म्हणाले. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती; असं ते तिसऱ्यांदा म्हणत असावेत.

उरलेले दिवस सोन्यासारखे गेले. वारा निवळला. परतीच्या वाटेवर समुद्र मोकळा असला की सुकाणू रोज तासभर वच्छलाबाईकडे असायचं, आणि ते आता कोणाला विचारावं लागत नव्हतं. नेपल्सच्या धक्क्यावर प्रतिक्षा कुबड्यांवर उभी होती. दोनातानं तिला मिठी मारली आणि बराच वेळ भरभर बोलली.

"काय सांगून राहिली?" वच्छलाबाईनं विचारलं.

"तू कोणत्या समुद्राकाठची, असं विचारून राहिली."

"सांग तिले, दिघोरीची."

जुलैत वच्छलाबाई घरी आली तेव्हा भावाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, चिखलणी झाली होती. ठाण्याच्या घरी दोनच दिवस राहून ती दिघोरीला गेली. काम करायची गरज नव्हती, पण बाया ओळीत उभ्या दिसल्यावर तिच्यानं शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसवेना. पदर खोचून ती भावजयीच्या, ललिताबाईच्या शेजारी चिखलात उतरली. हात रोपं लावत होते, तोंडानं गोष्ट चालू होती. वाऱ्यापर्यंत आली, बोटापर्यंत आली, सुकाणूपर्यंत आली.

"मंग दोन घंटे तूच चालवली?" ललिताबाईनं विचारलं.

"मीच."

"अन् उलटली असती तं?"

"पोहली असती."

बायांनी माना डोलावल्या. टोकाला केशरबाई होती, सत्तरी ओलांडलेली, ओळीत सगळ्यात चपळ. आता ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"ते सगळं ठीक हाये, वच्छला. पन मले एक सांग. सात दिवस पाण्यात, जमीन नाई, झाड नाई, आडोसा नाई. मंग सकाळी कोठी जात होता?"

ओळ तिथल्या तिथं थांबली.

"होडीच्या पोटातच खोली हाये वो केशरबाई," वच्छलाबाई म्हणाली. "एवढीशी. आत गेली की वाकूनच बसा लागते. अन् झालं की बाजूले एक दांडा हाये, तो हापसा लागते. बोरिंगवानी."

"हापसा लागते?"

"वीस डाव. मी मोजून हापसे."

केशरबाईनं चिखलाचा हात तोंडाला लावला. ललिताबाई वाकली ती हसू आवरायला, आणि तशीच पाण्यात बसली. हातातले रोपांचे परे सुटून तरंगू लागले.

"अन् लाट आली तं?" केशरबाईनं कसंबसं विचारलं.

"लाट आली तं दांडाच धरून बसा लागे!"

मग कोणाच्यानं काही लावणं शक्य राहिलं नाही. धुऱ्यावरून भाऊ ओरडला, "बायाहो, ओळ वाकडी होऊन राहिली!"

"होऊ द्या," पाण्यात बसूनच ललिताबाई म्हणाली. "सांग वो बाई, मंग?"